मामांचे कान आणि माझ्या चिठ्ठ्या

मामांचे कान माझ्यामुळे गेले. असं मी म्हणते. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, कंपनी तसं म्हणत नाही, आणि मामा तर म्हणणारच नाहीत, कारण त्यांना यातलं काही माहीत नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते अख्ख्या कंपनीचे मामा. मालकांचा मुलगा त्यांना मामा म्हणायचा आणि मालकही मामाच म्हणायचे, त्यामुळे त्या घरात मामांचं नक्की नातं काय यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत बराच खल करायचो.

आमची कंपनी हेडसेट बनवते. दिवसभर फोनवर बोलणारी माणसं डोक्यावर चढवतात ते, दोन कानांवर दोन गाद्या आणि तोंडापुढे माइकची काडी. दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत, तिकिटांच्या ऑफिसात, अपघाताचे फोन घेणाऱ्यांच्या टेबलावर आमचाच माल असतो. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या भिंती आणि कॉफीचं मशीन येतं. ते पुढच्या इमारतीत. आम्ही मागच्या इमारतीत. लांबच लांब टेबलं, भिंगाचे दिवे, सोल्डरचा वास, आणि मनगटाला वायरची पट्टी बांधून बसलेली ऐंशी माणसं. अंगातली वीज त्या पट्टीतून जमिनीत जाते, नाहीतर बोटाच्या एका स्पर्शानं बारीक भाग जळून जातो. जेवायला उठताना पट्टी सोडायला रोज कुणीतरी विसरतं, हाताला हिसका बसतो, आणि रोज सगळे तितकेच हसतात.

हॉलच्या टोकाला ऐकायची खोली होती. वीतभर जाडीचं दार, भिंतींना आणि छताला स्पंजचे करडे सुळके. आत बसलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू यायची. नवीन माणूस दहा मिनिटांत घाबरून बाहेर पडायचा. मामा तिथे सव्वीस वर्षं बसले. तयार झालेला प्रत्येक हेडसेट शेवटी त्यांच्या कानावर चढायचा, एक ठरावीक आवाज वाजायचा आणि मामा तो हिरव्या ट्रेमध्ये टाकायचे किंवा लाल. मशीनची तपासणी आधी व्हायचीच. पण मामा म्हणायचे, “मशीन खरखर मोजतं. ती खरखर माणसाला डाचेल का, हे मशीनला काय कळणार?”

ते कंपनीत आले तेव्हा खोकी उचलायचे. एकदा खोकं खाली ठेवून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, तिसरा पंखा चार दिवसांत बंद पडेल. तेव्हाचे इंजिनिअर हसले. पाचव्या दिवशी पंख्याचं बेअरिंग गेलं. इंजिनिअरसाहेबांनी मामांना खोक्यांतून काढलं आणि ऐकायच्या खोलीत बसवलं. शाळा आठवीत सोडलेला माणूस, पण पुढच्या इमारतीतले मोठमोठे पदवीवाले दारावर टकटक करून, चपला काढून त्यांच्याकडे यायचे.

कान त्यांनी फार जपले. रस्त्यानं येताना कापूस घालायचे. कामावर कडक कापडाचा शर्ट नाही, कारण तो करकरतो. जेवणात कुरकुरीत काही नाही. सकाळी पहिला तासभर कुणाशी बोलायचं नाही. नातेवाइकांच्या लग्नात बँड सुरू व्हायच्या आत निघून जायचे, त्यावरून दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मामी म्हणजे त्यांची बायको. एकदा कंपनीच्या स्नेहसंमेलनात मला म्हणाल्या होत्या, “माझं निम्मं आयुष्य दार हळू लावण्यात गेलं बघ.” रागानं नव्हत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक, आणि मामांना तो आवडायचा. ते म्हणायचे, हिचा आवाज ऐकायला कान चांगले लागतात.

मी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आले. माझं तोंड तेव्हाही फटकळ होतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “बांगड्या काढ.”

“का म्हणून?”

“तुझ्याआधी त्या बोलतात.”

मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडल्या आणि बांगड्या काढल्या. संध्याकाळी त्यांनी मला आत बोलवलं, एक हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, काय ऐकू येतं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, पुन्हा ऐक. आठवडाभर तेच. आठव्या दिवशी आवाजाच्या मागे एक केसाएवढी शीळ ऐकू आली आणि मी आनंदानं ओरडले. मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, पण हसत होते. मला माझ्या वडिलांनी कधी काही शिकवलं नाही. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, पण मामांवर माझा जीव जडला तो त्या दिवशी.

माझी जागा खोलीबाहेर, भिंतीतल्या छोट्या खिडकीशी. आतबाहेर ट्रे सरकवायचे, आवाज लावायचा आणि नोंदी करायच्या. आणि आणखी एक काम, पाहुणे सोडायचं. दिवसभर एकसारखे चांगले हेडसेट ऐकून माणसाचं लक्ष उडतं, म्हणून आमच्याकडे मुद्दाम बिघडवलेले बारा नग कपाटात कुलपात असत. कानाच्या गादीखाली लाल ठिपका, वरून ओळखू येणार नाही. कुणात खरखर, कुणात टकटक, कुणात गुणगुण, चार जणांत ती बारीक शीळ. कपाटाची किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी डब्यातून पाच चिठ्ठ्या काढायच्या, त्या नंबरांचे नग दिवसभरात चांगल्या मालात मिसळून आत पाठवायचे. मामांनी ते पकडून लाल ट्रेमध्ये टाकायला हवेत. मामा त्यांना पाहुणे म्हणायचे. पकडला की खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, “आले गं तुझे पाहुणे, चहापाणी बघ.” नोंदवहीत बरोबरची खूण करायची. महिनाअखेरीस टक्के काढून कागद भिंतीवर लावायचा.

त्याच भिंतीवर नियम चिकटवलेला होता. महिन्यात तीन पाहुणे सुटले, तर ऐकणाऱ्याला खुर्चीवरून थांबवायचं आणि कान तपासायला पाठवायचं. नियम साधा होता आणि भल्यासाठी होता, हे मला आज कळतं. तेव्हा आम्हाला त्याचा एकच अर्थ माहीत होता. दुसऱ्या पाळीला ऐकणाऱ्या एक ताई होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांचे तीन सुटले, डॉक्टरकडे गेल्या आणि परत आल्या त्या थेट पॅकिंगमध्ये. खोक्यांना चिकटपट्टी लावायची. पाच महिन्यांत त्यांनी काम सोडलं. तेव्हापासून कान तपासायला पाठवणं म्हणजे माणूस संपला, असंच सगळे धरून चालायचे.

एका मंगळवारी सात नंबरचा पाहुणा मामांच्या हिरव्या ट्रेमधून बाहेर आला.

मी लाल ठिपका दोनदा बघितला. सात नंबर म्हणजे ती शीळ, मला शिकवताना वापरलेली. मला वाटलं, मामांचं लक्ष नसेल, घरी काही झालं असेल. पण ते आत आरामात बसून पुढचा नग ऐकत होते. मी सात नंबर काढून घेतला आणि नोंदवहीत बरोबरची खूण केली. एवढं एक तर चालतं, म्हटलं. पुढच्या आठवड्यात नऊ नंबर हिरव्यात आला. तीन दिवसांनी पुन्हा सात. दोन्ही वेळा मी बरोबरचीच खूण केली. तीन झाले होते.

मी काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. मी काय केलं ते सांगते. शीळ असलेल्या चारही नगांच्या चिठ्ठ्या डब्यातून काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. मग डब्यात राहिली फक्त खरखर, टकटक आणि गुणगुण, आणि ती मामांना झोपेतसुद्धा ऐकू आली असती. ते एकूण एक पाहुणे पकडू लागले. महिनाअखेरीस मी शंभर टक्के लिहून कागद भिंतीवर लावला. मामा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, “म्हातारा अजून चालतोय की!”

आणि खरा माल? त्याचीही मी व्यवस्था केली. जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर मी मामांचा हिरवा ट्रे पुन्हा ऐकायचे. शीळ असलेले काढून गुपचूप दुरुस्तीला पाठवायचे. दीड वर्षात एकही खराब हेडसेट आमच्याकडून बाहेर गेला नाही, याचा मला अभिमान होता. डोळ्यांत तेल घालून मी माल सांभाळत होते. मामांच्या कानांत काहीतरी बिघडत चाललंय आणि ते वाढत असेल, हा विचार डोक्यात यायचा नाही असं नाही. यायचा. मी म्हणायचे, वय झालं, होतं असं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, निघून जातील. माणसाला स्वतःचं खरं करायचं असलं की सबबींना तोटा नसतो.

एकदा ते खिडकीशी आले आणि मोबाइल पुढे धरला. त्यावर भिंतीवरच्या कागदाचा फोटो होता.

“हा कशाला काढलात?” मी विचारलं.

“तुझ्या मामीसाठी. महिनाभर डोकं खातेय, कान दाखवा, कान दाखवा. म्हणे दाराची घंटा ऐकू येत नाही तुम्हाला, मी स्वयंपाकघरातून बोलते ते ऐकू येत नाही. काल तर डॉक्टरचा नंबरच लावून घेतला होता तिनं. मी हा फोटो दाखवला. म्हटलं, अगं, जगात माझ्याइतके तपासलेले कान कुणाचे नसतील. रोज परीक्षा, शंभरपैकी शंभर! ऐकू येत नाही असं नाही, मी ऐकत नाही एवढंच!”

“मग?”

“मग काय, हसली. नंबर रद्द केला.”

आणि मीही हसले. हे मी विसरू शकत नाही. पर्स माझ्या मांडीवर होती, चार चिठ्ठ्या तिच्यात होत्या, आणि मी मामांबरोबर मोठ्यानं हसले. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मामा, डॉक्टरकडे जा. कारणही सांगायची गरज नव्हती. इतर वेळी माझं तोंड कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्या दिवशी त्याला काय झालं होतं कोण जाणे.

पुढे चार महिन्यांनी, एका सकाळी मामांनी पहिला हेडसेट चढवला आणि तसेच बसून राहिले. मग काच वाजवून मला खूण केली, आवाज लाव. मी लावलेलाच होता. त्यांनी पुन्हा खूण केली. मी दार उघडून आत गेले. हेडसेटमधला आवाज मला दारातून ऐकू येत होता.

“लाव ना गं,” मामा म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलंय. त्यांनी हेडसेट काढला, गादी अंगठ्यानं पुसली आणि टेबलावर ठेवला. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदा दुपारच्या आत घरी गेले.

आठ दिवसांनी राजीनामा द्यायला आले, तेव्हा हॉलभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत होते. स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. आयुष्यभर कुजबुजत बोललेला माणूस. सोल्डर करणाऱ्या बायकांनी हात थांबवले आणि माना खाली घातल्या. मामांनी मला सगळं सांगितलं. शरीर आपल्याच कानांवर उलटतं असा एक आजार असतो. आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू सगळेच. “डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज जायला लागले तेव्हाच आला असतात, तर गोळ्यांनी थांबवता आलं असतं. निदान बोललेलं तरी ऐकू आलं असतं. आता नस गेली. यंत्र लावूनही उपयोग नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, पण माझे बारीक आवाज गेलेच नव्हते! माझी रोजची नोंद आहे कंपनीत. त्यांना फोटो दाखवला. तेही चक्रावले. म्हणाले, मग तुमचं एकदमच गेलं असणार, त्याला कुणाचा इलाज नाही.” मग माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, “मनाला एक समाधान आहे, पोरी. माझी हयगय झाली नाही.”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. रडून कुणाचं काही भलं होत नाही, हे तेव्हाही कळत होतं.

खुर्ची मला मिळाली. दुसरं कुणी त्या कामाचं नव्हतंच. आता मी आत बसते आणि पाहुणे सोडायला बाहेर एक नवीन मुलगी आहे. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, माझा एक जरी सुटला तरी लिहायचं, आणि नाही लिहिलंस तर गाठ माझ्याशी आहे. ती बिचारी मला टरकून असते.

मामांकडे जायला मला सात महिने लागले. एका रविवारी गेले. घर लहान, नीटनेटकं. मामा खिडकीशी बसले होते, पूर्वीपेक्षा जाड आणि शांत. समोर स्टुलावर एक शंभर पानी वही आणि पेन. कुणाला काही सांगायचं असेल तर त्यात लिहायचं. मागची पानं मी चाळली. सगळं मामींच्या अक्षरात. जेवायला चला. पाणी आलंय. भाऊंचा फोन होता, बरे आहेत. झोपलात का? ज्या आवाजासाठी त्यांना कान चांगले लागायचे, तो आता निळ्या शाईत होता.

मी सगळं लिहायचं ठरवूनच गेले होते. पेन हातात घेतलं आणि मामांनी उत्सुकतेनं मान पुढे केली. मला ते जमलं नाही. मी पेन खाली ठेवलं आणि बोलायला लागले. तोंडानं. त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत होतं म्हणूनच बोलू शकले, इतकी मी भेकड. सात नंबर सांगितला, नऊ नंबर सांगितला, पर्समधल्या चिठ्ठ्या सांगितल्या. म्हटलं, मामा, तो फोटो खोटा होता. कान जायच्या दीड वर्ष आधीच तुम्ही नापास झाला होतात आणि मी तुम्हाला पास करत राहिले. मी बोलले असते तर आज तुम्हाला ऐकू आलं असतं. मामा माझ्या ओठांकडे बघत मान डोलवत होते. मधेच म्हणाले, “सावकाश बोल, ओठ वाचायला शिकतोय मी.” मी सावकाश बोलले नाही.

डोळे पुसून वर बघितलं, तर स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. हातात चहाचे कप. किती वेळ उभ्या होत्या हे विचारायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय गं, काय म्हणतेय ही?” मामांनी मामींना विचारलं. “एवढी रडतेय कशाला?”

मामींनी कप ठेवले. वही ओढून घेतली आणि लिहायला लागल्या. वाटलं, बरं झालं, आता एकदाचं कळू दे. त्यांनी वही मामांपुढे धरली आणि मामांनी मोठ्यानं वाचलं, “कंपनीत रोज तुमची आठवण निघते. तुमच्यासारखं ऐकणारं कुणी नाही, म्हणते.”

मामा खूश झाले. माझ्या हातावर चापट मारून म्हणाले, “वेडी कुठली! यासाठी रडतात का?”

मामी मला सोडायला दारापर्यंत आल्या. मी त्यांचे हात धरायला गेले तर त्यांनी मागे घेतले.

“तो फोटो ते रोज काढून बघतात,” त्या त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “आपली चूक नव्हती, एवढ्यावर दिवस काढताहेत. ते मी त्यांच्याकडून घेणार नाही.”

“मामी, मला माफ...”

“मी नंबर लावला होता डॉक्टरचा. मीच फोन करून रद्द केला. आता हे मी कुणाला सांगू?”

मामींनी दाराला हात घातला.

“आज बोललीस ते तेव्हा बोलली असतीस, तर त्यांनीही ऐकलं असतं. पुन्हा येऊ नकोस.”

त्यांनी दार लावलं. मी जिन्यात उभी होते. आतून मामांचा आवाज आला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

“गेली का? पुढच्या रविवारीही ये म्हणून सांगितलंस ना तिला?”

नंतर काहीच ऐकू आलं नाही. मामी वहीत लिहीत असणार. काय लिहिलं ते मला कधी कळणार नाही.